हिंगणा एमआयडीसीतलं पाइप बेंडिंगचं वर्कशॉप: चार तारे, आणि पाचवा का कापला तेही सांगतो

दुकानाचं नाव लिहीत नाही. मालकीणबाईंनीच हात जोडले, "काका, काय लिहायचं ते लिहा, पण नाव नका टाकू. हातातली कामंच संपून नाही राहिली." खूण एवढीच देतो की नागपूर मेट्रोच्या अॅक्वा लाइनने लोकमान्य नगरला उतरून एमआयडीसीत शिरायचं. ज्या शेडच्या दारात वाकडेतिकडे पाइप जिलबीसारखे रचून ठेवलेले दिसतील आणि आत लोखंडापेक्षा तेलाचा वास जास्त येईल, ती शेड. पाटी धड वाचता येत नाही. दुसरीकडे कुठे गेलात तरी काय विचारायचं ते खाली येईलच. ते विचाराल तर हेच दुकान शोधायची गरज पडणार नाही.

काम घरच्या जिन्याचं. नरेंद्र नगरातलं आमचं घर जुनं. गेल्या वर्षी वरचा मजला चढवला आणि जिना हॉलच्या तिन्ही भिंतींना धरून वर नेला. सहा पायऱ्या, लँडिंग, काटकोनात वळून पाच पायऱ्या, पुन्हा लँडिंग, पुन्हा वळून सहा. रेलिंग एसएस ३०४ चं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं, दोन इंची पाइप, पत्र्याची जाडी १६ गेज. दोन्ही कोपऱ्यांत मला खांब नको होता. आई ८४ वर्षांची आहे, एका डोळ्याने अंधुक दिसतं, जिना ती हाताने वाचते. हात पाइपवर ठेवला की वरच्या खोलीच्या दारापर्यंत तो उचलावा लागू नये, एवढीच माझी अट होती.

मी बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी रस्त्यांवर. वळणाचा हिशेब मला झोपेतून उठवून विचारा. दोन सरळ रेषा जिथे भेटतात तो आयपी. रस्ता मूळ दिशेपासून जितका वळला तो डिफ्लेक्शन अँगल. त्रिज्या गुणिले त्या कोनाच्या निम्म्याचा टॅन म्हणजे टँजंट लेंथ. आयपीपासून दोन्हीकडे तेवढं मागे यायचं आणि तिथून कंस सुरू करायचा. या सूत्रावर मी घाटातली वळणं आखली आहेत, जिन्याच्या कोपऱ्याची काय बात! प्लॅन काढला, दोन्ही कोपऱ्यांत झोकात "९०°" लिहिलं, त्रिज्या पाइपच्या तिप्पट म्हणजे १५२ मिमी धरली. पंचेचाळीसचा टॅन एक, म्हणून टँजंट लेंथही १५२. कोपऱ्यापासून १५२ वर पाइप कापा, मध्ये नव्वदचा तयार एल्बो, म्हणजे वळलेला जोड टाका, विषय संपला.

हे काम मी आधी दुसऱ्या एका फॅब्रिकेटरला दिलं होतं. त्याने कागदावर लिहिलं होतं ते इमानदारीने केलं. त्याचंही नाव इथे नाही, कारण चूक त्याची नव्हतीच. म्हणजे थोडी होती, तिच्याकडे येतो.

एल्बो बसेना. खालच्या पाइपला जोडला की वरचं तोंड आडवं भिंतीकडे बघायचं. वरच्या पाइपला जोडला की खालचं तोंड सरळ पुढे, पायऱ्यांचा उतार सोडून. त्यात दोन्ही पाइप कापून आखूड झालेले. शेवटी त्या माणसाने एल्बो मधून कापला, पीळ देऊन आर्गन वेल्डिंगने जोडला, फटीत छोटे तुकडे भरले आणि बफ मारून चकाचक केला. लांबून झकास दिसायचं. आईने हात फिरवला आणि म्हणाली, "इथं हाड मोडून बसवलं की काय रे?" त्याची थोडी चूक म्हटलं ती ही, की बसत नाही हे कळल्यावर त्याने फोन करायला हवा होता. झाकून टाकणं हा उपाय नव्हे.

मग या शेडचा पत्ता मिळाला. फोनवर मालकीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, हा नव्वद प्लॅनमधला आहे की खरा?"

मी म्हटलं, "खरा म्हणजे?"

"खरा म्हणजे पाइपातला."

राजेहो, ३१ वर्षांच्या नोकरीत मला कोणी असा प्रश्न केला नव्हता. वरून बघितलं तर कोपरा नव्वदचा. पण पाइप काही वरून बघितल्यासारखा सपाट पडलेला नाही, तो चढतोय. वळायच्या आधी चढतोय, वळल्यानंतरही चढतोय. दोन्ही दिशांमध्ये "वर" हा भाग समान आहे, आणि जेवढा भाग समान तेवढं वळण कमी. माझी पायरी २५० मिमी रुंद आणि १७५ मिमी उंच, म्हणजे चढ ३५ अंशांचा. पहिल्या पाइपची दिशा लिहा: पुढे २५०, बाजूला ०, वर १७५. दुसऱ्याची: पुढे ०, बाजूला २५०, वर १७५. जोडीजोडीने गुणा आणि बेरीज करा. पुढचा गुणाकार शून्य, बाजूचा शून्य, उरला १७५ चा वर्ग, ३०,६२५. त्याला लांबीच्या वर्गाने, म्हणजे ९३,१२५ ने भागलं की ०.३२९. हा ज्याचा कोसाइन तो कोन ७०.८ अंश. नव्वद नव्हेच! माझ्या कागदाने त्या एल्बोला एकोणीस अंश जास्त वळायला लावलं होतं. टँजंट लेंथ १५२ नाही, १०८. म्हणजे दोन्ही बाजूंचे पाइप मीच ४४-४४ मिमी आखूड कापून घेतले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हे मला इतकी वर्षं दिसलं कसं नाही? तेही काढून पाहिलं. रस्त्याला पाच टक्के चढ असेल आणि त्याच चढावर नव्वदचं वळण असेल, तर खरा कोन येतो ८९.८६. कोण बघतो? रस्तेवाल्यांचं सगळं शास्त्र प्लॅन वेगळा आणि एल-सेक्शन, म्हणजे चढउताराचा उभा छेद, वेगळा असं दोन कागदांवर चालतं, आणि ते चालतं कारण रस्ते जवळजवळ सपाट असतात. जिना सपाट नसतो.

आता त्या बाईंची युक्ती सांगतो, कारण या दुकानाचे निम्मे तारे त्या युक्तीचे आहेत. त्यांनी मला सूत्रबित्र काही सांगितलं नाही. म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी पाइप येईल त्या रेषेत सुतळी ताणून बांधा, कोपऱ्यात गाठ येऊ द्या. गाठीपासून दोन्ही सुतळ्यांवर एक-एक मीटरवर खूण करा. मग एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत टेप हवेतून सरळ धरा आणि तो आकडा मला सांगा. बाकी आमच्यावर सोडा."

केलं. तिरपं अंतर आलं १६३ सेंटिमीटर. कोपरा खरोखर काटकोनी असता तर १४१ आलं असतं. बास, यात प्लॅन नाही, चढ नाही, टॅन-कोसाइन नाही. जागा कितीही तिरपी असो, एकमेकांना भेटणाऱ्या दोन रेषा एका सपाट पृष्ठावर असतातच, आणि तीन बाजू मोजल्या की त्रिकोण पक्का होतो. तो सपाट पृष्ठभाग मग कसाही कलंडलेला असू दे.

मला मात्र तो कललेला पृष्ठभाग डोळ्यांनी बघायचा होता. स्वयंपाकघरातून बारा इंची स्टीलचं ताट आणलं. ताटाचा व्यास ३०५, म्हणजे त्रिज्या १५२, नेमकी माझी. दोन सुतळ्यांच्या बेचक्यात ताट आतल्या बाजूने टेकवलं. आडवं धरलं तर एका सुतळीला लागतं, दुसरीपासून सुटतं. हळूहळू कलतं केलं. साधारण पंचेचाळीस अंशांवर आल्यावर ताटाची कड दोन्ही सुतळ्यांना एकदम लागली, आणि लागली ती निव्वळ स्पर्शून, कुठे दाबत नाही की कापत नाही. मी एका हाताने ताट धरून दुसऱ्या हाताने गाठीपासूनचं अंतर मोजायला गेलो तर टेप खाली पडला. मग सौ. ने मोजलं. "अकरा सेंटिमीटरला थोडं कमी." १०८. ताटाच्या मधोमधचा बिंदू गाठीच्या बरोबर उंचीत होता, वरही नाही, खालीही नाही. दोन्हीकडचा चढ सारखा असल्यामुळे कोनाचा दुभाजक आडवा निघतो, हे मला नंतर कागदावर कळलं. ताटाने आधी सांगितलं. सौ. म्हणाली, "झालं का? भाजी निवून राहिली."

पहिला कोपरा सुटला. दुसऱ्या कोपऱ्यात सुतळी बांधायला गेलो तर गाठच पडेना.

खालची सुतळी कोपऱ्यावर येते आणि वरची सुतळी तिच्या डोक्यावरून जाते. वरून बघितलं तर फुली, बाजूने बघितलं तर दोघींमध्ये वीतभर उभी फट. मोजली, १७५. बरोबर एक पायरी. मला वाटलं सुतळी सैल पडली असेल. पुन्हा बांधली, पुन्हा १७५. बाईंना फोन केला. "हौ काका, होते असं. मिस्तरीने वरच्या लायनीची पहिली पायरी कोपऱ्याला चिकटवून घेतली असेल. पहिल्या कोपऱ्यात बघा, अर्धी-अर्धी मागे सरकली असेल."

बघितलं. खरंच. पहिल्या कोपऱ्यात खालच्या ओळीची शेवटची कड कोपऱ्याच्या १२५ अलीकडे आहे आणि वरच्या ओळीची पहिली कड १२५ पलीकडे, म्हणजे दोन्हीकडे अर्ध्या पायरीचं अंतर. खालची रेषा कोपऱ्यापर्यंत येताना अर्धी पायरी, साडेसत्याऐंशी मिमी चढते. वरची रेषा मागे कोपऱ्याकडे आणली की पूर्ण पायरीतून अर्धी उतरते. दोघी एकाच उंचीवर भेटतात. दुसऱ्या कोपऱ्यात दोन्ही कडा कोपऱ्यालाच लावलेल्या, त्यामुळे सगळीच्या सगळी पायरी एका बिंदूवर येऊन पडली. आमच्या मिस्त्रीने पहिला कोपरा ठरवून केला नव्हता, हे त्याला विचारल्यावर कळलंच. तिथे भिंतीतला कॉलम आडवा आला म्हणून पायरी सरकली होती.

ज्यांचा जिना अजून सेंटरिंगलाच आहे त्यांनी हे वाक्य मोबाइलमध्ये लिहून ठेवावं: खांबाशिवाय रेलिंग वळवायचं असेल तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी पायरी सोडा. फुकटचं काम आहे. नंतर तेच पाइपात करायला पैसे आणि डोकं दोन्ही लागतं.

न भेटणाऱ्या दोन रेषांच्या बाबतीत गणित फार रुक्षपणे वागतं. त्या एका पृष्ठभागावर नसतातच, म्हणून दोघींना स्पर्श करून एका कंसात जोडता येत नाहीत. ताट कसंही कला, एका सुतळीला लागलं की दुसरीपासून सुटतं. (दोघींमधलं सर्वांत कमी अंतर १७५ नसून १२४ निघालं, कारण सर्वांत जवळचा रस्ता उभा नसून तिरपा असतो. त्याचा रेलिंगला काही उपयोग नाही, पण काढल्याशिवाय मला झोप आली नसती.) उपाय एकच: मध्ये तिसरी रेषा घालायची. ती दोघींना भेटेल, आणि मग एकाऐवजी दोन कोपरे होतील, पण दोन्ही सुटण्यासारखे. माझ्या बाबतीत तिसरी रेषा उभी. पाइप चढत येणार, सरळ वर वळणार, वीतभर उभा जाणार आणि पुन्हा दुसऱ्या बाजूच्या चढाला लागणार. घरात आम्ही त्याला बगळ्याची मान म्हणतो.

मोजमापं घेऊन दुकानात गेलो. सोबत माझ्या हातचा तारेचा नमुनाही होता, कारण बाईंनी बजावलं होतं की आकडे चुकले तरी चालतील, तार आणा. छत्रपती चौकातून मेट्रोत बसताना सिक्युरिटीवाल्याने तार फिरवून फिरवून बघितली, "काका, अँटेना आहे का?" तिथला तो दुमजली पूल, खाली गाड्या आणि वर मेट्रो, ३.१४ किलोमीटरचा आहे. २०२२ मध्ये त्याच्यावर गिनेसचा विक्रमही नोंदला गेला. ३.१४ हा आकडा मुद्दाम साधला नसेल, पण वळणाच्या कामाला निघालेल्या माणसाला शकुन म्हणून पुरतो. सीताबर्डीला गाडी बदलली.

दुकानात दोन माणसं कामाची. एक बाई स्वतः: पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, वडिलांनंतर शेड सांभाळतात, बोलणं फटकळ. दुसरे मशीनवरचे मिस्त्री. ते तारेशिवाय बोलत नाहीत. माझा कागद घेतला, उलटा ठेवला, तार हातात घेतली.

बगळ्याच्या मानेत अडचण होती. चढातून उभं व्हायला वळण ५५ अंशांचं, दोन्हीकडे सारखंच. १५२ च्या त्रिज्येत एका वळणाची टँजंट लेंथ ७९. दोन वळणांच्या मिळून १५९. उभा पाइप एकूण १७५. मध्ये सरळ उरला १६ मिमी. मिस्त्री म्हणाले, "सोळा मिलीत क्लँप काय तुमच्या शर्टाला लावू?" डायभोवती, म्हणजे वळणाच्या गोल साच्याभोवती, पाइप ओढताना त्याला पुढे घट्ट धरायला सरळ तुकडा लागतो. तो नसेल तर पाइप घसरतो. त्यांच्याकडे दुसरा डाय होता पाइपच्या दीडपट त्रिज्येचा, ७६ चा. त्यात टँजंट लेंथ अर्धी, म्हणून मध्ये ९६ मिमी सरळ. जेमतेम भागलं.

पण लहान त्रिज्येची किंमत असते आणि ती बाईंनी आधीच सांगितली, हे मला आवडलं. वळणात पाइपची बाहेरची कड लांबचा रस्ता कापते, आतली जवळचा. तिप्पट त्रिज्येला बाहेरची कड हिशेबाने सहावा हिस्सा ताणली जाते, दीडपटला तिसरा हिस्सा. त्या प्रमाणात पत्रा बाहेर पातळ होतो आणि आत गोळा होऊन सुरकुतायला बघतो. म्हणून आत मँड्रेल घालतात, तेल लावलेला दांडा. पाइप वळताना पोकळी चपटी होऊ देत नाही. "मँड्रेल आहे का?" हा प्रश्न कुठल्याही दुकानात पहिल्यांदा विचारा. नाही म्हणाले, किंवा वाळू भरून करून देतो म्हणाले, तर १६ गेजच्या पाइपला लहान त्रिज्या मागू नका.

मग खरी मजा. पहिलं ५५ चं वळण झालं. आता दुसरं वळण मारायच्या आधी पाइप स्वतःभोवती नव्वद अंश फिरवायचा, कारण पहिलं वळण एका उभ्या पातळीत आहे आणि दुसरं तिच्या काटकोनातल्या दुसऱ्या उभ्या पातळीत. वळणाचा कोन चुकला तर सुधारता येतो. ही फिरकी चुकली तर पाइप भंगारात. मिस्त्रींनी वर्तमानपत्राची पट्टी फाडली, पाइपला एक वेढा देऊन टोक जिथे आलं तिथे नखाने खूण केली, पट्टी उलगडून दुमडली, पुन्हा दुमडली. चार घड्या. एक घडी म्हणजे पाव फेरा, ४० मिमी. घडी पाइपवर ठेवून मार्करने दोन रेघा मारल्या. कुठलाही डिजिटल आकडा नाही.

मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट भावली. पाइपला लांबीभर एक शिवण असते, पत्रा गुंडाळून जोडलेल्या जागेची. ती वळणाच्या बाहेर आली तर ताणली जाते, आत आली तर दबते, म्हणून ती बाजूला ठेवायची, जिथे ना ताण ना दाब. एका वळणाला हे सोपं. पण पाइप नव्वद फिरवला की बाजूची शिवण सरळ बाहेर किंवा आत जाते. मी पहिल्याच वळणाच्या वेळी विचारलं होतं, "शिवण अशी तिरकी काहून ठेवली?" मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही, काम थांबवलं नाही. दुसऱ्या वळणाला पाइप फिरवल्यावर बोटाने दाखवलं. शिवण पहिल्यांदा बरोबर मधल्या कोनात, पंचेचाळीसवर ठेवली होती. फिरवल्यावर ती दुसऱ्या बाजूच्या पंचेचाळीसवर आली. दोन्ही वळणांना साधारण सत्तर टक्के ताप, एकालाही पूर्ण नाही. पहिलं वळण मारताना दुसरं डोक्यात होतं. अशा माणसाला मी "सर" म्हणायला तयार आहे, पण त्यांनी तोवर बिडी पेटवली होती.

दुसरं म्हणजे कोणत्या बाजूला फिरवायचं. डावीकडे फिरवला तर आपला पाइप, उजवीकडे फिरवला तर आरशातला. आकडे दोन्हींचे तेच: ५५, ९६, ९०, ५५. कागदावर फरक दिसत नाही, म्हणून तार. तार शेजारी धरली की डोळा लगेच सांगतो. बाईंनी तार का मागितली होती ते तिथे उभं राहून कळलं.

पहिल्या कोपऱ्याचा ७०.८ चा बेंड १५२ च्या डायवर पाच मिनिटांत झाला. मशीनवर मिस्त्रींनी तो ७३ च्या थोडा पुढे नेला, क्लँप सोडला, पाइप किंचित मागे आला. स्टेनलेस माघार घेतंच, किती घेईल ते त्या लॉटच्या एका भंगार तुकड्यावर आधी बघून ठेवलं होतं. साधा कोनमापक लावला तर एकाहत्तर. मी म्हटलं चालेल.

आता पाचवा तारा.

चार दिवस सांगितलं होतं, अकरा लागले. मधल्या सात दिवसांत फोन तीनदाच उचलला गेला. उशीर होईल असा एक मेसेज टाकायला काय जातं? ७६ च्या वळणात आतल्या बाजूला दोन बारीक सुरकुत्या आल्या आहेत. बोट नेमकं तिथे नेलं तर लागतात. बाईंनी मी न विचारताच दाखवल्या आणि दुसरा करून देते म्हणाल्या. आणखी अकरा दिवसांच्या भीतीने मीच नाही म्हटलं. क्लँपचे ओरखडे घासायला बफिंगचे वेगळे ६०० लावले, ते भाव ठरवताना बोलले गेले नव्हते. ओरखडे त्यांच्या क्लँपचे, पैसे माझे, हे काही पटलं नाही. बेंडचा दर १५२ ला २५० आणि ७६ ला ४००, तीन बेंडचे १,०५०. पण दीड हजाराच्या खाली ते काम घेत नाहीत, म्हणून १,५०० भरले. पाइप आपला न्यायचा. बिल पक्कं मिळालं.

एक गोष्ट माझ्याच माथी. बाई सुरुवातीलाच म्हणाल्या होत्या, "आजींसाठी आहे तर दीड इंची घ्या काका, मुठीत बसतो." मी पाइप आधीच आणून ठेवला होता, म्हणून दोन इंचीवर अडून बसलो. आईची मूठ पूर्ण वळत नाही पाइपवर, बोटं अर्ध्यावर थांबतात. आता ते बदलायचं म्हणजे सगळंच बदलायचं.

बसवताना मात्र काहीही घासावं लागलं नाही. प्रत्येक तुकड्याला दोन्हीकडे ४०० मिमीची सरळ शेपटी ठेवून घेतली होती. ती जिन्याच्या पाइपला आर्गनने जोडली. दोन्ही कोपरे, चार सांधे, एका दुपारचं काम. आईने खालून सुरुवात केली. पहिल्या कोपऱ्यावर काही बोलली नाही. बगळ्याच्या मानेपाशी हात उभा वर चढला, ती थांबली, पुन्हा खाली आणला, पुन्हा वर नेला. "हे असं काहून?" मी पायऱ्यांची गोष्ट सांगायला लागलो तोवर ती पुढच्या पायरीवर होती.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा. नंतर बाई मटेरियल आणायला निघून जातात आणि मिस्त्री भाव सांगत नाहीत. आणि ग्रॅनाइट बसायच्या आधी सुतळी बांधू नका. ग्रॅनाइटवाला वरखाली झालेल्या पायऱ्या तिथेच सारख्या करून घेतो, चढ एखाद्या अंशाने बदलतो, आणि मग तुमचे १६३ सेंटिमीटर १६३ राहत नाहीत.